मेंढक्याच्या डोळ्यातील अळी



कामगार चळवळीतली माणसे डोळ्यांच्या रोगावर काय बोलणार, असे आपणांस वाटले असेल. पण रोगही पुष्कळदा धंदा पाहून येतो, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

मेंढरांच्या नाकात वाढणारी एक माशी आहे. शास्त्रात तिला 'ईस्ट्रस ओव्हिस' म्हणतात. ही बया अंडी घालीत नाही. उडता उडता जिवंत अळ्यांचा थेंब मेंढराच्या नाकपुडीवर टाकते. तिची चाहूल लागली की मेंढरे एकमेकांच्या लोकरीत नाके खुपसून उभी राहतात. मेंढक्याला तेवढी सवड कुठली? डोळ्यावर काहीतरी फटकन आदळते. काही तासांत डोळा लाल होतो, पाणी गळते, आत खडा सलतो. लोक म्हणतात, डोळे आले. वास्तविक मिलिमीटरभर लांबीच्या अळ्या तोंडातल्या आकड्यांनी पापणीच्या अस्तराला धरून बसलेल्या असतात. उजेड पडला की त्या पापणीच्या घडीत पळतात. म्हणून डोळा बधिर करून, भिंगातून पाहत, चिमट्याने एकेक वेचून काढावी लागते.

माणसाच्या डोळ्यात या अळीची वाढ होत नाही. बहुधा नजरही जात नाही. जखमेत पोसणाऱ्या माशीची गोष्ट निराळी. अंथरुणाला खिळलेल्या, कोणी न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा अख्खा डोळा तिच्या अळ्यांनी खाल्ल्याची उदाहरणे आहेत.

१९०७ साली एदमों आणि एतिएन सर्जां या फ्रेंच बंधूंनी अल्जीरियातील कबिली मेंढपाळांचा हा रोग वर्णिला. मेंढपाळ त्याला 'थिम्नी' म्हणत. म्हणजे डॉक्टरांनी लिहिण्याआधीच रोग्यांनी त्याचे बारसे केले होते! भारतातही असे रोगी आढळले आहेत.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पुढे जनावरे हाताळण्याच्या कामातून जडणारे परोपजीवी रोग घातले गेले. ठीक झाले. पण भरपाईला मालक लागतो. स्वतःची पन्नास मेंढरे हाकणाऱ्या धनगराने अर्ज कोणावर करायचा? आणि सालावर ठेवलेल्या पोराचा मालक त्याचा चुलताच असला, तर? याला आमच्या युनियनजवळही उत्तर नाही. इटलीतल्या रामाझ्झिनीने १७०० साली वैद्यांना सांगितले होते की, रोग्याला त्याचा धंदा विचारा. सरकारी दवाखान्यात लाल डोळा घेऊन कोणी आला, तर केसपेपरवर तेवढा धंदा लिहावा, ही आमची तूर्त मागणी आहे.