तहाबाहेर राहिलेले



वसईचा तह तुम्ही परीक्षेपुरता पाठ करता. त्या तहात कोण नव्हते, तेही एकदा पाहा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. भांडण घरचेच! पळालेल्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला इंग्रजांशी परस्पर तह केला. शिंदे, भोसले, होळकर यांपैकी कोणालाच विचारले नाही. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. शिंदे-भोसल्यांनी १८०३ अखेर तह केले, तरी होळकर १८०४ मध्ये एकटे लढलेच.

सुदानच्या दारफूर भागात २००६ साली असेच घडले. बंडखोरांच्या एका मोठ्या गटाने करारावर सही केली, बाकीचे लढत राहिले.

होळकरांचा पठाण सरदार अमीरखान इतिहासात बहुधा लुटारू म्हणूनच येतो. पण १८१७ मध्ये इंग्रजांनी त्याचे टोंकचे राज्य मान्य केले, काही शिपायांना नोकरी दिली, आणि त्याने फौज मोडली. ही दया नव्हे, हिशेब होता. चितू पेंढाऱ्यानेही जहागीर आणि स्वारांना चाकरी मागितली. ती नाकारली गेली. असीरगडच्या रानात भटकताना तो वाघाच्या तोंडी पडला.