नाकतोडा बांधायचाय? फोमपासून सुरू करा

आज नाकतोडा. म्हणजे गळावर दोऱ्याने बांधलेला खोटा नाकतोडा, ट्राउटला फसवणारा. मी राहतो मोंटानात. इथे ऑगस्टमध्ये वारा सुटला की गवतातले नाकतोडे नदीत पडतात, आणि मासे त्यांच्यासाठी पार काठाला येऊन थांबतात.

मी पहिल्यांदा थेट डेव्ह व्हिटलॉकचा प्रसिद्ध 'डेव्हज हॉपर' बांधायला घेतला. त्याचं डोकं हरणाच्या केसांचं. केस दोऱ्याने फुलवायचे, मग कातरायचे. दोन तासांनी तयार काय झालं? दाढीचा ब्रश! वर नदीवर गेल्यावर कळलं, गळाचं भोकच केसांनी बुजलंय. तंगूस ओवणार कुठून? समोर मासे नाकतोडे गिळतायत आणि मी सुईने भोक कोरतोय.

तेव्हा नवख्यांनी फोम घ्या. २ मिलिमीटर जाडीचा, पिवळा किंवा मातकट. गळ १० नंबरचा. आधी दांडीवर दोऱ्याचे वेढे भरा, त्यावर सुपरग्लूचा थेंब, नाहीतर फोम दांडीभोवती गरगर फिरतो. फोमची पट्टी दोनच जागी बांधायची. पहिले दोन वेढे सैल, मग हळूहळू आवळा. हिसका दिलात तर दोरा फोम कापतो. हो, कापतोच! दोन्ही बाजूंना रबरी पाय. पाठीवर नारिंगी फोमचा तुकडा, म्हणजे लांबूनही दिसते. आणि भोकाजवळ जागा मोकळी सोडा, प्लीज.

पाण्यात टाकताना नाजूकपणा नको. टप्पकन पडू दे, खरा नाकतोडा पडतो तसा.