इथून नाशिकच्याही पुढे
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला समिती दरवर्षी कोणीतरी जाणता वक्ता बोलावते. यंदा धावणारा माणूस बोलावला. मी विद्वान नाही. बँकेत कारकून आहे, नोकरी नाशिकला, गाव हेच. विषय दिला तो असा की, लांब पल्ल्याच्या शर्यतीतून आयुष्यासाठी काय शिकायला मिळालं ते सांगा. आता धावताना माणसाला शिकण्याचं भान नसतं, पाय दुखतात एवढंच कळतं. जे काही कळलं ते मागाहून, घरी आल्यावर.

शर्यत कोणती ते आधी सांगतो. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग अशी दोन शहरे आहेत. या पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनावर १८९३ साली गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवलं होतं, म्हणून नाव ऐकलं असेल. या दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर 'कॉम्रेड्स मॅरेथॉन' होते. नावात मॅरेथॉन असली तरी मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर. त्याहून लांब ती अल्ट्रामॅरेथॉन. मी धावलो ते ११ जून २०२३ रोजी, पीटरमारित्झबर्गहून डर्बनकडे, ८७.७ किलोमीटर. किती ते समजायचं असेल तर इथून पायी नाशिकला निघा, आणि नाशिक आलं तरी थांबू नका. वेळ बारा तास.

त्या वर्षी पहिला आलेला तेते दिजाना हे अंतर ५ तास १३ मिनिटे ५८ सेकंदांत धावला. आपली एस.टी. मध्ये थांबत थांबत गेली तर किती वेळ लागतो ते तुम्हीच बघा! मला ११ तास २४ मिनिटे लागली. म्हणजे दिजाना जेवून, झोप काढून उठला असेल तेव्हा मी पोचलो. पण या शर्यतीत पहिल्याइतकीच माणसं शेवटच्याला बघायला थांबतात, आणि माझं आजचं बोलणं त्या शेवटच्यांबद्दलच आहे.

पहिल्या महायुद्धातून जिवंत परतलेल्या व्हिक क्लॅफम नावाच्या सैनिकाने मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी १९२१ साली ही शर्यत सुरू केली. ३४ जण निघाले, १६ पोचले. हेतू चांगला होता. पण सोबती कोणाला म्हणायचं, हे तेव्हा ठरलेलं होतं: गोरा पुरुष. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या बाईने अर्ज केला, तो नाकारला. ती तशीच धावली, ११ तास ३५ मिनिटांत पोचली. पदक मिळालं नाही. लोकांनी वर्गणी काढून तिला चांदीची भांडी दिली म्हणतात. आणि १९३५ साली रॉबर्ट म्चाली हा काळा माणूस धावला. त्याचंही नाव यादीत नव्हतं. वेळ साडेनऊ तास. माझ्यापेक्षा जवळजवळ दोन तास लवकर, तेही त्या काळात.

१९३५ म्हटलं की आपल्याला काय आठवतं, ते मी या सभागृहात सांगायला नको. इथून जवळच्याच येवल्यात १३ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी घोषणा केली ते हेच वर्ष. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, मी ओढूनताणून जोडत नाही. पण डर्बनला धावपटूंना माहिती देणाऱ्या दालनात मी ते साल वाचलं आणि तिथेच थांबलो. मागचे लोक म्हणाले, पुढे चला.

ही शर्यत सर्व वर्णांच्या पुरुषांना आणि बायकांना उघडी झाली १९७५ साली, म्हणजे म्चाली धावला त्यानंतर चाळीस वर्षांनी. काळा माणूस पहिला आला तो १९८९ साली, त्याचं नाव सॅम त्शाबालाला. आणि म्चालीच्या नावाचं पदक सुरू झालं ते २०१९ साली. नऊ ते दहा तासांत जो पोचेल त्याला ते मिळतं. ज्याला पदक नाकारलं त्याचं नाव आता पदकावर आहे, हे चांगलंच झालं. फक्त हिशेब मांडला तर मधे चौऱ्याऐंशी वर्षं गेली.

आता सुरुवातीच्या रेषेची गोष्ट. पहाटे साडेपाच, अंधार, थंडी. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो. हजारो माणसं रस्त्यावर दाटीने उभी. पूर्वीच्या एका मॅरेथॉनच्या वेळेवरून तुमचा गट ठरतो. जलद धावणारे पुढे, आमच्यासारखे पार मागे. राष्ट्रगीत होतं, मग खाणकामगारांचं एक जुनं गाणं सगळे मिळून म्हणतात, मग ध्वनिक्षेपकावर कोंबडा आरवतो आणि बंदूक वाजते. बंदूक वाजली की सगळ्यांचं घड्याळ एकदम सुरू. पण मागच्या गटातला माणूस गर्दीतून चालत चालत त्या रेषेपर्यंत पोचतो तोवर कितीतरी मिनिटं गेलेली असतात. ती मिनिटं त्याच्या बारा तासांतूनच कापली जातात. त्या वर्षी नियमच तसा होता: बंदुकीपासून बंदुकीपर्यंत.

मित्रहो, हे मी तिथे अंगावर घेतलं. वेळ सगळ्यांना सारखी, नियम सगळ्यांना सारखा, आणि तरी मागे उभा असलेला रेषेवर यायच्या आधीच वेळ गमावून बसलेला. आपल्या मुलांना कोणी म्हणालं की संधी तर सगळ्यांना सारखीच आहे, तर मला ती पहाट आठवते. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझ्या शेजारी जोहान्सबर्गचा एक रखवालदार होता, सातव्यांदा आलेला. माझी चुळबुळ बघून तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, ही मिनिटं पहिल्या दहा किलोमीटरमध्ये भरून काढायला जाशील तर दुपारी रस्त्यावर बसशील. ती संपूर्ण रस्त्यात वाटून टाक. एवढं एक वाक्य ऐकलं म्हणून मी पोचलो.

त्याचं कारण शरीरात आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस-पस्तीस किलोमीटर पुरते. सुरुवातीला जोरात धावलात तर ती लवकर संपते आणि मग पाय जागचे हलत नाहीत. म्हणून दर थोड्या अंतरावर खात राहायचं. वाटेत उकडलेले बटाटे मीठ लावून देतात, संत्री, केळी देतात. घरून कोणतंही महागडं औषध न्यायची गरज नाही. पाणीसुद्धा तहानेप्रमाणे, भीतीने घटाघट पीत सुटलेल्या माणसाच्या रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तो चक्कर येऊन पडतो, प्रसंगी जिवावर बेततं. दुखणं मारायच्या गोळ्या घेऊन धावणं तर किडनीशी खेळ आहे. इथे भरतीच्या तयारीची मुलं बसली आहेत, त्यांनी हे कान देऊन ऐकावं. मैदानावर कोण काय गोळी देतो ते घेऊ नका.

आणखी एक, उताराचं. समुद्राकडे उतरायचं म्हणजे सोपं, असं घरच्यांना वाटलं होतं. रस्ता सरळ उतरत नाही. आधी चढतो, मग इंचांगा, बोथाज हिल असे चढ मध्येमध्ये येत राहतात. आणि उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो. स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी जोर लावतो, त्यात त्याचे बारीक धागे तुटतात. फील्ड्स हिलचा तीन किलोमीटरचा उतार उतरताना मला चढ परवडला असता. म्हणून वर्षभर रविवारी इथे आलो की मी भावडबारीचा घाट चढायचो तसाच पळत उतरायचो. कांद्याच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर विचारायचे, कोणी मागे लागलंय का?

आपल्याकडे लांब चालण्या-धावण्याचं बळ नाही असं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरात वाढली आणि २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी पायी गेले, साधारण १८० किलोमीटर. आदिवासी बायाबापड्या, कोणाच्या पायात तुटकी चप्पल, कोणाच्या तीही नाही. तळव्यांची सालं निघाली होती. शेवटच्या रात्री ते झोपले नाहीत. सकाळी दहावीच्या पोरांना परीक्षेला जायला अडथळा नको म्हणून रात्रीच चालून आझाद मैदानावर पोचले. त्यांना कोणी पदक दिलं नाही. मी माझ्या महागड्या बुटांचं कौतुक फार करत नाही ते यामुळे.

आता 'बस'ची गोष्ट, ही मला सगळ्यांत आवडते. कॉम्रेड्समध्ये दोन बस असतात. एक खरीखुरी, ज्यांनी सोडून दिलं किंवा जे वाटेतल्या वेळेच्या मर्यादेत बसले नाहीत त्यांना ती उचलून नेते. दुसरी बस माणसांची. एक अनुभवी धावपटू हातात छोटा झेंडा घेतो, त्यावर वेळ लिहिलेली, त्याला म्हणतात ड्रायव्हर. ज्याला त्या वेळेत पोचायचंय तो त्याच्यामागे लागतो. फी नाही, नाव विचारत नाहीत. ड्रायव्हर सांगतो, त्या खांबापर्यंत चला; त्या झाडापासून धावा. गाणी म्हणतात. मी साठाव्या किलोमीटरच्या आसपास अशा एका बसमध्ये घुसलो. काळे, गोरे, डर्बनचे भारतीय वंशाचे, एक आजीबाई. त्या ड्रायव्हरला एकट्याने धावून खूप लवकर पोचता आलं असतं. शेवटी स्टेडियम दिसल्यावर तो बाजूला झाला, आम्हाला पुढे घातलं आणि मग स्वतः आत आला. आपल्या समाजात शिकून पुढे गेलेली माणसं आता पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच एक पगारदार. झेंडा घेऊन मागच्यांच्या वेगाने चालणारे किती, हे ज्याने त्याने आपल्यापुरतं मोजावं.

आता शेवटचं, आणि ते थोडं कठीण आहे. बारा तास पुरे होताना एक अधिकारी शेवटच्या रेषेवर बंदूक घेऊन उभा राहतो, धावणाऱ्यांकडे पाठ करून. का, तर येणाऱ्याचा चेहरा दिसला की हात कचरेल. बंदूक वाजते आणि रेषा बंद. माणसांची साखळी करून अडवतात. मी पदक गळ्यात घालून वर बसून पाहत होतो. एक माणूस रेषेपासून दहा-बारा पावलांवर होता. सत्याऐंशी किलोमीटर धावून आलेला. त्याला काहीच मिळालं नाही, पदक नाही, निकालात वेळ नाही. सगळं स्टेडियम मात्र उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

मला हे इथे का सांगावंसं वाटलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वस्तीतली मुलं-मुली पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. काही सेकंदांनी गेलं की वर्ष गेलं, आणि वयाची अट मागून येतच असते. आपल्यातला एक मुलगा असाच थोडक्यात राहिला आणि तीन महिने घराबाहेर पडला नाही. त्याला कोणी म्हणालं, काही नाही रे, होईल. कोणी म्हणालं, नशीब. मी यांतलं काहीच म्हणणार नाही. रेषा बंद झाली ती झाली, आणि तिचं दुःख खोटं नाही. पण आपण टाळ्या वाजवल्या का? तो आला तेव्हा आपण उभे तरी होतो का? त्या आफ्रिकेतल्या परक्या माणसांना जे सुचलं ते आपल्या गल्लीला का सुचू नये?

ते असो. समितीशी बोलणं झालंय. येत्या सोमवारपासून पहाटे पाचला विहाराच्या फाटकापाशी जमायचं. मी फक्त रविवारी असेन, बाकीचे दिवस आपल्यातले दोन माजी सैनिक येणार आहेत. मुलींनी यायचंच, आयांनी सोबत आलं तरी चालेल, चालायला रस्ता मोकळा आहे. अंधारात ट्रॅक्टर-ट्रक असतात, म्हणून चमकणारे पट्टे मी नाशिकहून आणले आहेत, ते कार्यक्रमानंतर घेऊन जा. आणि ज्यांचं वय निघून गेलंय, त्यांनीही या. झेंडा धरायला कोणीतरी लागेलच.

जयभीम.