दिलेला शब्द आणि सत्ता



अभ्यासकाने सरकारात जावे काय, हा प्रश्न आपल्या चळवळीत पुनःपुन्हा उपस्थित होतो. अमेरिकेतील श्रम-अर्थशास्त्रज्ञ जॉन डनलॉप (१९१४–२००३) यांची कारकीर्द त्याचे सोपे उत्तर देत नाही. म्हणूनच ती अभ्यसनीय आहे.

पैशातील वेतन वाढले की वास्तव वेतन सामान्यतः घटते, असे केन्स यांचे प्रतिपादन होते. १९३८ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, डनलॉप यांनी ब्रिटनच्या आकडेवारीवरून त्यास आव्हान दिले. पुढच्याच वर्षी केन्स यांनी फेरविचाराची आवश्यकता मान्य केली. पुढे हार्वर्डमध्ये अध्यापन करीत असता डनलॉप यांनी १९५८ च्या ग्रंथात मांडले, की कामाच्या ठिकाणचे नियम एकटा बाजार ठरवीत नाही. कामगार, व्यवस्थापन आणि शासन मिळून ते घडवितात.

मार्च १९७५ मध्ये ते अध्यक्ष फोर्ड यांचे मजूरमंत्री झाले. एका कंत्राटदाराशी तंटा असला, तर त्यासाठी संपूर्ण बांधकामस्थळावर पिकेटिंग करण्यास १९५१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मज्जाव केला होता. हे बंधन उठविणाऱ्या विधेयकाला डनलॉप यांनी बांधकाम-क्षेत्रातील सामुदायिक सौद्याच्या सुधारणेची जोड दिली. फोर्ड यांनी स्वाक्षरीचे आश्वासन दिले होते. काँग्रेसने विधेयक संमतही केले. परंतु मालकवर्गाचा विरोध तीव्र झाला. पक्षांतर्गत उमेदवारीसाठी रेगन उभे ठाकले होते. २ जानेवारी १९७६ रोजी फोर्ड यांनी नकाराधिकार वापरला. त्याच महिन्यात डनलॉप यांनी राजीनामा दिला. ज्या कामगारनेत्यांशी त्यांनी बोलणी केली होती, त्यांच्यापुढे पुन्हा कोणत्या तोंडाने उभे राहावयाचे?

डनलॉप समाजवादी नव्हते. त्यांच्या त्रिपक्षीय मांडणीत मालकीचा मूलभूत प्रश्न बाजूलाच राहतो. शासन हा जणू समतोल राखणारा तिसरा पक्ष, असे ती सुचविते. १९७६ च्या नकाराधिकाराने त्या समजुतीला तडा दिला. १९९३ साली क्लिंटन यांच्या कारकीर्दीत नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पण १९९४ च्या निवडणुकीत काँग्रेस रिपब्लिकन पक्षाच्या हाती गेली आणि आयोगाच्या शिफारशी कागदावरच राहिल्या.

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. तज्ज्ञाची सचोटी मोलाची असते; दिलेला शब्द मोडला गेल्यावर खुर्ची सोडण्याचे धैर्य तिच्यातूनच येते. परंतु त्या सचोटीमागे संघटित कामगारांचे बळ नसेल, तर उत्तम मसुदाही स्वाक्षरीविना पडून राहतो. मसुदा तज्ज्ञाने लिहावा. तो अमलात आणविण्याचे काम चळवळीचेच आहे.