पैसे दिले कुणाला?

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे. शेअर बाजाराचे पंडित म्हणून नव्हे, तर तेथे हात पोळून घेतल्यामुळे आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

काही वर्षांपूर्वी आमची बदली सांगलीस झाली होती. तेथे एका स्नेह्याने एक शेअर सुचविला. भाव एक रुपया चाळीस पैसे. बाजारात अशा शेअरला ‘पेनी स्टॉक’ म्हणतात. ‘दीड रुपयाचा शेअर पडून पडून किती पडणार? चढला तर मात्र दामदुप्पट,’ हे गणित आम्हाला पटले. आम्ही वीस हजार रुपये घातले. आठ दिवस भाव चढला. मग रोज खालचे सर्किट लागू लागले. म्हणजे भाव दिवसाच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत घसरायचा; विकणाऱ्यांची रांग, घेणारा एकही नाही. साताऱ्याला घरी आलो तेव्हा पत्नीने एवढेच विचारले, ‘अहो, पण पैसे दिले कुणाला?’

आम्ही निरुत्तर झालो. कंपनीचे नाव ठाऊक होते. माणसाचे नव्हते.

बँकेत पन्नास हजारांचे कर्ज द्यायचे तरी आम्ही पगारपत्रक पाहतो, जामीनदार मागतो, मागची थकबाकी तपासतो. मुलीची सोयरीक जुळवताना आपण मुलाच्या गावी जाऊन चार घरी चौकशी करतो. आणि आयुष्याची पुंजी मात्र न पाहिलेल्या माणसाच्या हाती, एका फोनवर देऊन मोकळे होतो!

पूर्वी असे नव्हते. आपल्याच भागातील गोष्ट पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला, मदत केली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. बाळासाहेब लक्ष्मणरावांना ओळखत होते, त्यांचे काम त्यांना ठाऊक होते. सुरुवातीला शेतकरी लोखंडी नांगराला हात लावायला तयार नव्हते. तरीही तो माणूस टिकून राहील, हा विश्वास पारखून ठेवलेला होता.

उलट 1992 नंतरचा काळ आठवा. भांडवल उभारणीवरील जुने सरकारी नियंत्रण गेले आणि नव्या कंपन्यांच्या शेअर विक्रीचा पूर आला. त्यांतील दोनशेहून अधिक कंपन्या लोकांचे पैसे घेऊन दिसेनाशा झाल्या. सरकारदरबारी त्यांना ‘गायब कंपन्या’ असेच नाव पडले.

आता फसवणुकीचा मार्ग बदलला आहे. 2022 मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरविषयी यूट्यूबवर खोट्या बातम्या पसरविण्यात आल्या. एक मोठा उद्योगसमूह ती विकत घेणार, अशीही त्यात थाप होती. लहान भागधारकांची संख्या सुमारे दोन हजारांवरून पंचावन्न हजारांवर गेली. त्याच वेळी विकत कोण होते? सेबीने मार्च 2023 च्या आदेशात म्हटले की, काही प्रवर्तक भागधारकांनीही चढ्या भावात आपले शेअर विकले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बाजारात घेतलेल्या शेअरचे पैसे कंपनीला मिळत नाहीत. ते विकणाऱ्याच्या खिशात जातात. आमच्या पत्नीच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

मग चौकशी करायची कशी? ती फुकट होते, घरबसल्या होते. पहिले, शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता असतो. प्रवर्तकांचा हिस्सा किती, तो घटत आहे काय, आणि त्यातील किती शेअर तारण आहेत, ते पाहावे. तारणाची ही माहिती देणे सत्यम प्रकरणानंतर, 2009 मध्ये, बंधनकारक झाले. दुसरे, वार्षिक अहवाल. त्यात लेखापरीक्षकाचा अभिप्राय आणि संचालकांच्या नातलगांशी वा त्यांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार आधी वाचावेत. लेखापरीक्षक मुदतीपूर्वी सोडून गेला असेल तर सावध व्हावे. तिसरे, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावे मिळतात. हीच माणसे आणखी कोणकोणत्या कंपन्यांत आहेत आणि त्या कंपन्यांचे काय झाले, याचा माग घ्यावा. चौथे, सेबीच्या आदेशांत ती नावे शोधावीत.

पैसे बुडाल्यावर आम्ही हे सारे केले. आमच्या त्या कंपनीने तीनदा नाव बदलले होते. आधी कापड, मग संगणक, मग सौरऊर्जा. प्रवर्तकांचा स्वतःचा हिस्सा शंभरात चार. ज्यांचा स्वतःच्या कंपनीवर विश्वास नव्हता, त्यांच्यावर आम्ही ठेवला! एका संध्याकाळचे वाचन आमचे वीस हजार वाचवू शकले असते.

कोणी म्हणेल, सांगणारा आपलाच माणूस होता. मित्रहो, सांगणारा आपला असला म्हणून कंपनी चालविणारा आपला होत नाही. आमचा स्नेहीही त्यातच बुडाला. आणि ओळख असली तरी हिशेब वाचावाच लागतो. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 1936 पासूनची, घरोघरी ठाऊक असलेली. सप्टेंबर 2006 मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि पुढच्याच महिन्यात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. माणूस आणि ताळेबंद, दोन्ही पाहिले पाहिजेत.

विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. एक रुपयाही न गुंतवता एखादी लहान कंपनी निवडा. तिच्या पाच वर्षांच्या अहवालांवरून, ती चालविणाऱ्या माणसांविषयी एक पान लिहा. पान भरले नाही, तर तेच तुमचे उत्तर समजा. आपल्या घरांत शिल्लक पडू लागली ती पहिल्या-दुसऱ्या पिढीतच. कुणाची ग्रॅच्युइटी, कुणाचे भविष्य निर्वाह निधीचे पैसे. ते गेले तर पुन्हा उभे राहण्यास मागे वाडवडिलांची इस्टेट नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी, बटण दाबण्यापूर्वी, घरातल्या कुणाला तरी एकदा विचारू द्या, ‘पैसे देताय कुणाला?’ उत्तरात माणसाचे नाव आणि त्याचे काम सांगता आले, तरच पुढे जा.