माळावरचा आशिक

कवीला पक्ष्यांवर बोलायला बोलावलं की तो हमखास चातक, चकोर आणि हंस यांची नावं घेतो. मीही घेतली असती. पण मी पडलो सोलापूरचा. बार्शी रस्त्यानं गेलं की वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज लागतं. तिथल्या माळावरच्या एका पक्ष्यानं माझी चांगली जमलेली कविता खोटी पाडली.

तो पक्षी म्हणजे माळढोक. मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत याच्यासारखे वजनदार फार थोडे. मादी मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य झालं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, १९९१ साली. मित्राच्या लूनावरून नान्नजला गेलो. श्रावणातली सकाळ होती, गवत नुकतं वर आलेलं. लांब उंचवट्यावर पांढरं काहीतरी हललं. कुणाचं धोतर वाळत घातलंय असं वाटलं. मग ते फुगायला लागलं! नर माळढोक गळ्याखालची पिशवी हवेनं भरतो, ती पार जमिनीपर्यंत लोंबते. शेपूट पाठीवर उलटी घेतो, पंख खाली सोडतो आणि मग आतून, खोल विहिरीतून यावा तसा आवाज काढतो. हूऽऽम. त्यावरूनच त्याला जुन्या मराठीत ‘हूम’ म्हणत. आम्ही घरी उर्दू शायरी ऐकत वाढलेलो. आशिक म्हणजे काय ते मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

घरी येऊन कविता लिहिली. नर हाक मारतो, मादी येते, दोघं मिळून अंड्यावर पहारा देतात, अशी. एका गावच्या कविसंमेलनात ती वाचली, टाळ्याही मिळाल्या. खाली उतरल्यावर एक म्हातारे वनमजूर जवळ आले. म्हणाले, “सायेब, कविता झ्याक हाय. पर नर कुठला अंड्यापाशी असतोय? त्यो निस्ता नाचतोय. समदं तीच करती बगा.”

मी वाचायला लागलो. म्हातारबाबांचं खरं होतं. माळढोकांत जोडपं नसतंच. प्रत्येक नराची नाचायची जागा ठरलेली, एकमेकांपासून बरीच लांब. माद्या येतात, बघतात, पसंत पडला तर जवळ जातात आणि निघून जातात. पुढे उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं, सत्तावीस दिवसांच्या आसपास उबवणं आणि पिल्लाला वाढवणं, हे सगळं एकटीचं. त्याच माळावरच्या काळविटांचीही रीत बरीचशी अशीच. नर लेंड्यांचे ढीग घालून आपली हद्द आखतो आणि नाक वर करून मिरवतो. गोंदियाकडचा सारस मात्र जोडीनं राहतो आणि नरही अंडी उबवतो. पाणलाव्यात तर मादीच रंगीत. ती अंडी घालून दुसरा नर शोधते, पहिला बिचारा अंड्यांवर! माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर त्यानं बायकोसमोर पुन्हा विषय काढू नकोस म्हणून बजावलं.

माळढोकाचा घात या प्रेमातच आहे. ज्याला मैलावरून दिसायचंय, तो शिकाऱ्यालाही मैलावरून दिसतो. माझे नाना तरुणपणी, १९७२ चा कायदा येण्यापूर्वी, वैरागकडे बंदूक घेऊन जायचे. ते सांगत, “नाचता हुवा ढोक हिलताच नै.” हे सांगताना त्यांना पुढे पुढे लाज वाटायची.

बंदुका गेल्या, पण माळही गेला. ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली. त्यात शेतकऱ्याला दोष देणं मला जमत नाही. अभयारण्य आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, गावंच्या गावं त्यात. जमिनीच्या व्यवहाराला अडचण आली की लोक पक्ष्यावरच चिडायचे. २०१२ साली ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. शिवाय विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही.

आता जगभरात माळढोक उरलेत दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. कच्छमध्ये नर संपले आणि माद्या वांझ अंडी घालू लागल्या. आपल्याकडे अलीकडे एखादी मादी दिसल्याच्या बातम्या यायच्या. निवड करणारी ती. निवडायचं कुणाला?

जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून रानातली अंडी आणून पिल्लं वाढवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथं कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं. त्यासाठी रामदेवऱ्याच्या एका नराला नकली मादी ठेवून शिकवलं होतं. हे वाचून मला आधी हसू आलं. मग त्या नराला नकली मादीपुढे पिशवी फुगवताना डोळ्यांसमोर आणलं आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

कविता मी नंतर दुरुस्त केली. शेवटच्या कडव्यातला नर काढून टाकला. मादी आणि अंडं तेवढं ठेवलं. ती त्या वनमजुरांना वाचून दाखवायची राहिली. गेल्या श्रावणात नान्नजला गेलो, तेव्हा काळविटं पुष्कळ दिसली. त्या उंचवट्याकडे तोंड करून अर्धा तास बसलो. बार्शी रस्त्यावरचे ट्रक तेवढे ऐकू येत होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)