मुक्त प्रोग्रॅम आणि आपली मुले

श्रोतेहो, नारायणगावजवळच्या खोडद व आसपासच्या गावांत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे कान लावून आहेत. आकाशातून मिळालेल्या माहितीचा हिशेब मांडायला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅस्ट्रोपाय हा २०११ साली सुरू झालेला मुक्त प्रोग्रॅम वापरतात. त्याचे मूळ लिखाण, म्हणजे कोड, कुणीही वाचावे, दुरुस्ती सुचवावी. मग आपलीच मुले मागे का?

गुरुजनहो, प्रथम मुलांना प्रोग्रॅम चालवून पाहू द्या. मग एखादी लहानशी चूक हेरून, तेवढीच सुधारून, तपासून, कारणासह पाठवू द्या. जाणकार ती परत धाडतील. तो अपमान नव्हे. शुद्धलेखनाची वही आपणही लाल शाईने भरून देतोच की! भीती एकच, पोर तिथेच हात टेकील. त्या वेळी पाठीशी उभे राहा.